उन्हात वाढणारं पाणी

आपल्याकडे धबधब्याला जायचं म्हटलं की आधी आभाळ बघायचं. कालपासून झोडपतोय का, घाटात दरड तर आली नाही ना, आणि नेमकी उघडीप पडली तर हेलपाटा व्हायचा नाही ना. ठोसेघर, भांबवली, देवकुंड, सगळ्यांचं नशीब पावसाशी बांधलेलं. श्रावणात कड्याकड्यावरून पांढऱ्या धारा, आणि दिवाळीनंतर जाऊन बघावं तर बऱ्याच ठिकाणी खडकावर नुसता ओलसर काळा पट्टा.

उत्तर इटलीतल्या वाल जेनोव्हा नावाच्या दरीत सगळं उलटं आहे. तिथे धबधबा बघायचा तर आभाळ निरभ्र हवं, ऊन कडक हवं आणि वेळ दुपार टळतानाची हवी. सकाळी जी धार अंग चोरून उतरत असते, तिचाच दुपारनंतर असा गजर होतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मधल्या वेळात पावसाचा थेंबही पडलेला नसतो. वर, नजरेच्या टप्प्याबाहेर, बर्फावर दिवसभर ऊन पडलेलं असतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार झालेली असते. रात्री वर गारठा पडला की धार पुन्हा बारीक.

माझी भाची त्रेंतोला शिकते. "मावशी, तू पहाटे उठून डबे भरत बसू नकोस हं, आपल्याला उशिराच निघायचंय," असं ती म्हणाली तेव्हा हे घराण्यातच आहे असं मी मनात म्हटलं. तिची आई पर्वतीसुद्धा उजाडल्याशिवाय चढायची नाही. पण मग भाचीने हे हिमनदीचं गणित समजावलं. जुलैची सकाळ आम्ही पोळी-भाजी करण्यात आणि ती गुंडाळण्यात आरामात घालवली.

वाल जेनोव्हा ही दरी आदामेल्लो ब्रेंता निसर्ग उद्यानात येते. त्रेंतिनो प्रांतातलं हे सर्वांत मोठं राखीव क्षेत्र, ६२० चौरस किलोमीटरचं. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फाटक, चौकी, जिप्सी आणि 'सर, उजवीकडे बघा' म्हणणारा गाइड येतो. तसलं इथे काही नाही. पायथ्याशी नांदती गावं आहेत. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर गुरं चढवतात. रेंदेना ही गडद तपकिरी गाय इथलीच, शेजारच्या दरीच्या नावाची. गळ्यातल्या घंटा इतक्या मोठ्या की गाय दिसायच्या आधी बराच वेळ ऐकू येते. आणि अस्वलं आहेत. ती इथून संपत आली होती म्हणून १९९९ ते २००२ या काळात स्लोव्हेनियातून दहा आणून सोडली. आता प्रांतात शंभराच्या आसपास झाली आहेत. २०२३मध्ये डोंगरात धावायला गेलेल्या एका तरुणाचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हापासून त्यावरून घराघरांत वाद आहेत. बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर दोन आजी तावातावाने बोलत होत्या. विषय अस्वलाचाच आहे असं भाचीने हळूच सांगितलं: एकीला सगळी राहू द्यायची होती, दुसरीला एकही नको होतं. जुन्नर भागात एसटीत बसलं तर बिबट्यावरून हेच ऐकायला मिळतं.

दरीच्या तोंडाशी कारिसोलो गाव आणि त्याच्या वर खडकावर सान स्तेफानोचं जुनं चर्च. शेजारच्या पिंझोलोत सान विजिल्योचं. पिंझोलोच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर १५३९मध्ये सिमोने बास्केनिस या चित्रकाराने मृत्यूचा नाच काढलाय. सांगाडे एकेकाचा हात धरून निघालेत. पोप, सम्राट, राणी, भिकारी, लेकरू, कुणालाच सवलत नाही. आमच्याकडे बस सुटायला वेळ होता म्हणून बघितलं, नाहीतर राहून गेलं असतं. वाऱ्यापावसात उघड्यावर पाच शतकं टिकलेलं चित्र मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात दरीत खाजगी गाड्यांवर बंधनं असतात, उद्यानाची बस असते. ती सोयीची आहे. आधी वरपर्यंत बसने जावं आणि नदीच्या कडेकडेने उतरत यावं, गुडघे सांभाळणाऱ्यांसाठी हाच शहाणपणा. दरीच्या वरच्या टोकाला बेदोले, उंची सोळाशे मीटरच्या थोडी वर. तिथून सार्का नदी खाली येते आणि तिच्या बाजूने जी पायवाट उतरते तिचं नावच धबधब्यांची वाट. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा दर वळणावर दगडावर किंवा झाडावर रंगवलेल्या. वाट चुकणं मुश्कील. त्यामुळे पायाखाली कमी आणि आजूबाजूला जास्त बघता येतं.

आणि बघायला एकच गोष्ट नाही, हे लवकरच कळतं. डावीकडून एक धार, थोड्या वेळाने उजवीकडून दुसरी, मग लांबवर कड्यावर एक सुताएवढी. नकाशात काहींना नावं आहेत, कितीतरींना नाहीत. सगळ्या येतात मात्र बाजूने, उंचावरून. समोरून सार्का आपली खळाळत, मधूनच उड्या मारत जाते, पण मोठी झेप घेणाऱ्या त्या बाजूच्या. याचं कारण इथल्या दगडात आणि जुन्या बर्फात आहे. हिमयुगात या मुख्य दरीतून प्रचंड हिमनदी सरकत होती. तिने तळ खरवडून दरी खोल आणि रुंद केली, तळाशी जवळजवळ सपाट आणि बाजूंनी भिंतीसारखी उभी. बाजूच्या दऱ्यांतल्या हिमनद्या लहान, त्यांच्या अंगात तेवढी ताकद नव्हती, त्यांनी आपापलं उथळ खोदकाम केलं. बर्फ ओसरलं तेव्हा त्या बाजूच्या दऱ्या कुठे शंभर, कुठे दोनशे मीटर वरच अधांतरी राहिल्या. त्यांच्यातल्या ओढ्यांना मुख्य नदीला भेटायचं तर उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. सह्याद्रीतही पाणी पठाराच्या कडेवरून कोकणात उडी घेतं, पण तिथे कडा लाव्हाच्या थरांचा आणि झीज पाण्याची. इथे पाण्याच्या आधी बर्फाने काम उरकून ठेवलेलं.

दगड म्हणजे टोनॅलाइट. ग्रॅनाइटचाच भाऊबंद. वाटेत पाय मोकळे करायला एका धोंड्यावर बसले तेव्हा तो नीट बघितला. पांढरट राखाडी अंगात काळे कण. काही अभ्रकाचे, नखाने टवका निघेल असे पापुद्र्यांचे. काही लांबट, करंगळीच्या नखाएवढे, कडक. कोरडा असताना दगड मळकट दिसतो. त्यावर तुषार उडाले की पांढरं पांढरं होतं आणि काळं चमकतं. हा दगड पाणी आत घेत नाही. वर पडेल, वितळेल ते सगळं अंगावरूनच वाहून जातं. म्हणून या बाजूला इतके धबधबे.

टोनॅलाइट हे नाव जर्मन भूवैज्ञानिक फोम राथने १८६४मध्ये दिलं, जवळच्या टोनाले खिंडीवरून. त्याच वर्षी सप्टेंबरात यूलियस पायर नावाच्या ऑस्ट्रियन लेफ्टनंटने आदामेल्लोचं शिखर (३५३९ मीटर) पहिल्यांदा गाठलं, आणि त्याच वर्षी इंग्रज गिर्यारोहकांच्या एका तुकडीने समोरचं प्रेसानेल्ला. त्रेंतिनो तेव्हा ऑस्ट्रियात होतं. पायर पुढे उत्तर ध्रुवाकडे गेला आणि फ्रान्झ योझेफ लँड शोधणाऱ्या मोहिमेचा एक प्रमुख झाला. एका वर्षात दगडाला नाव, दोन शिखरांवर माणूस. त्या आधी इथल्या गुराख्यांना ही शिखरं माहीत नव्हती असं नाही, त्यांना वर जायचं काही कारण नव्हतं.

गुराख्यांकडे वेगळ्या गोष्टी होत्या. सोळाव्या शतकात त्रेंतोला कॅथलिक धर्माची मोठी परिषद भरली. त्या परिषदेने आल्प्समधल्या भुताखेतांना आणि चेटकिणींना हद्दपार करून याच दरीत डांबलं, आणि नदीकाठचे हे अजस्र धोंडे म्हणजे तेच सैतान, दगड होऊन बसलेले, अशी दंतकथा आहे. रस्त्याच्या कडेला त्यांचे लाकडी पुतळेही कोरून उभे केलेत. मुलं त्यांच्या नाकात बोटं घालून फोटो काढतात. भूतं हद्दपार करायला धर्मपरिषदेने हीच दरी का निवडली असेल, हे इथला आवाज ऐकला की समजतं. रात्री एकट्याने ऐकायचा हा आवाज नव्हे.

एका शांत वळणावर मी पारदर्शक बाटलीत सार्केचं पाणी भरून घेतलं, पिण्यासाठी नव्हे. हात मनगटापर्यंत घातला आणि दहा मोजायच्या आत बोटं बधिर. नदीत ते पाणी फिकट हिरवं-पांढरं, दूध सांडून विसळल्यासारखं दिसतं. बाटलीत धरलं तर नुसतं गढूळ. पोळी-भाजी खाऊन होईपर्यंत बाटली उन्हात ठेवली होती. तळाशी राखाडी रंगाचा पातळसा थर बसला. बोटाने चोळला तर पावडरइतका मऊ. वरच्या डोंगराचं पीठ आहे ते. हिमनदी दगडावरून सरकताना दळते आणि पाण्याबरोबर खाली पाठवते. सार्का ते घेऊन गार्डा सरोवरात जाते, तिथून मिंचो होऊन पो नदीत, आणि पोबरोबर समुद्रात.

हे पाणी बघताना भाचीने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. ती पर्यावरणाचाच अभ्यास करते. तिचं म्हणणं असं की जूनमधलं पाणी आणि ऑगस्टमधलं पाणी एक नव्हे. जूनमध्ये जे वितळतं ते गेल्या हिवाळ्याचं ताजं हिम. ते दरवर्षी पडतं, दरवर्षी जातं. म्हणजे व्याज. ते संपल्यावर उन्हाचा हात खालच्या जुन्या बर्फाला लागतो. ते मुद्दल. मुद्दलाला थोडा हात लागायला हरकत नाही, वर नवीन हिम दबून भर पडत असेल तर. गेली कित्येक वर्षं भर पडत नाही. म्हणजे ऐन ऑगस्टच्या कडक दुपारी, जेव्हा धबधबा सर्वांत भरलेला दिसतो आणि लोक सर्वांत जास्त वाहवा करतात, तेव्हा नेमकी ठेव मोडली जात असते.

"आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "ठेव मोडतेय तोवर पाणी वाढतच राहतं, मावशी. मग एके वर्षी कमी व्हायला लागतं."

आदामेल्लोची हिमनदी इटलीतली सर्वांत मोठी. वरच्या पठारावर बर्फाची जाडी अडीचशे मीटरच्या पुढे मोजलेली आहे. २०२१च्या वसंतात शास्त्रज्ञांनी तिथे भोक पाडून २२४ मीटर खोलीपर्यंतचा बर्फाचा गाभा काढला, वितळून जायच्या आत त्यातल्या जुन्या हवामानाच्या नोंदी वाचून घ्याव्यात म्हणून. शेजारच्या प्रेसेना हिमनदीवर २००८पासून उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरतात आणि हिवाळ्याआधी काढतात. तिथे स्कीइंगचा धंदा आहे, म्हणून तेवढ्या तुकड्यापुरता हा खटाटोप परवडतो. कापड अंथरलेल्या जागी बर्फ खरंच कमी वितळतं. पण अख्ख्या डोंगराला चादर घालणार कोण? मला तो प्रकार बघून वाईट वाटण्यापेक्षा अवघडल्यासारखं झालं, एखाद्याच्या घरी नको त्या वेळी गेल्यावर होतं तसं. २०२२च्या उन्हाळ्यात तर हिवाळ्याचं हिमच फार कमी होतं. जुलैच्या सुरुवातीला मार्मोलादा या शिखरावर हिमनदीचा तुकडा कोसळून अकरा माणसं गेली आणि खाली पो नदीच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडले.

त्या बर्फातून दुसरंही बरंच बाहेर येतंय. १९१५ ते १९१८ या काळात याच माथ्यांवर, तीन हजार मीटरच्या वर, इटलीचं आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य समोरासमोर होतं. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हिमकडे आणि थंडी जास्त जीव घ्यायची. इटालियन सैनिकांनी १४९ मिलिमीटरची एक तोफ सुटी करून, ओढत, त्या बर्फाळ मुलखात नेली. ती क्रेस्टा क्रोचे नावाच्या डोंगरधारेवर अजून तशीच उभी आहे. तिला सैनिक पाणघोडा म्हणायचे. आता बर्फ हटतं तसं बूट, तारा, लाकडी बराकी आणि कधी कधी माणसंही वर येतात. पिंझोलोच्या भिंतीवरचे सांगाडे मला इथे पुन्हा आठवले.

त्याच बर्फावर १९८४च्या जुलैत पोप जॉन पॉल दुसरे स्कीइंग करायला आले होते, इटलीचे राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी सोबत होते. पोप घसरतायत आणि ऐंशी ओलांडलेले पेर्तिनी बघतायत. जुलैत. आज जुलैत तिथे स्कीची पट्टी अडकवायचं धाडस कुणी केलं तर लोक आधी त्याच्या डोक्याकडे बघतील.

उतरता उतरता लारेसचा धबधबा लागतो. तो झाडीत लपलाय, थोडी वाकडी वाट करून चढावं लागतं, म्हणून गर्दी कमी. मला सगळ्यांत तोच आवडला. स्प्रूसच्या मुळांनी पायऱ्या केल्यात, शेवाळ इतकं जाड की त्यावर तळहात टेकला तर अख्खा रुततो. पाणी दिसायच्या आधी त्याचा वारा लागतो. कड्यावरून पडणाऱ्या पाण्याबरोबर हवाही खाली ढकलली जाते आणि झाडांच्या बुंध्यांमधून थंड झोत येतो. उन्हाने तापलेली मान एकदम गार. पलीकडच्या काठावर एक छोटा गडद पक्षी, छातीवर पांढरा ठसा, दगडावर उठाबशा काढत होता आणि मधूनच सरळ पाण्याखाली चालत जात होता. आपल्या हिमालयातल्या ओढ्यांवर दिसणाऱ्या पाणबुड्या पक्ष्याचा हा जातभाई.

नार्दिस शेवटी येतो, दरीच्या तोंडाजवळ. तो प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीचं सगळं तिथे आहे: गाड्या, हॉटेल, आइस्क्रीम, सेल्फी. शंभर मीटरहून उंच कड्यावरून दोन फांद्यांनी उतरणारं पाणी, वर प्रेसानेल्लाची हिमनदी. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि दोन्ही फांद्या भरात होत्या. पायथ्याच्या दगडांवर तुषारांमुळे उभं राहवत नव्हतं. सगळ्यांचे कपडे भिजलेले, तरी कुणी पाण्यात उतरलेलं नव्हतं. एवढ्या गर्दीत एकही बाटली फुटलेली दिसली नाही, याचा मला हेवा वाटला हे लपवत नाही. मात्र एक आजोबा आपल्या नातवाला ज्या पद्धतीने खडकावरून खाली ओढत होते आणि नातू ज्या पद्धतीने हात सोडवत होता, ते बघून भूशी धरणावर उभी आहे असं क्षणभर वाटलं. हिवाळ्यात हाच धबधबा गोठतो आणि लोक कुऱ्हाडी घेऊन त्यावर चढतात. तो प्रकार मी फोटोतच बघेन.

दुसऱ्या दिवशी आम्ही उद्यानाच्या दुसऱ्या अंगाला, मादोन्ना दि कांपिल्योहून वाल्लेसिनेल्लाच्या धबधब्यांना गेलो. मध्ये एकच दरी, पण दगड बदलला की सगळं बदलतं. ही ब्रेंताची बाजू, डोलोमाइट आणि चुनखडीची. शिखरं फिकट, सुळक्यांची, आणि वर बघावं तर पाण्याचा पत्ता नाही. पाऊस, हिम सगळं भेगांमधून आत मुरतं आणि डोंगराच्या पोटातून फिरत कुठेतरी खाली फुटतं. वरच्या धबधब्यापाशी तर पाणी कड्याच्या माथ्यावरून येतच नाही, भिंतीतून आणि शेवाळातून ठिकठिकाणी झिरपत, फुटत येतं. स्वच्छ, तळ दिसणारं. बाटलीत भरून ठेवलं, काही बसलं नाही. उन्हाचा आणि त्याचा तासाभराचा हिशोब जुळत नाही. डोंगर ते आपल्या वेळेने सोडतो. मधल्या धबधब्याजवळ एक जुनं विश्रामघर आहे. तिथे आम्ही पोलेंता घेतला, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा, वर वितळलेलं चीज आणि अळंबी. भाचीला तो आवडत नाही, मला ताकातल्या कण्यांची आठवण होऊन दोनदा घ्यावासा वाटला.

खायला बसलो असताना तिने फोनवर नकाशा उघडला. बेदोलेहून वर मांद्रोनेचं विश्रामघर आहे, २४४९ मीटरवर. तीन तासांची खडी चढण. वर पायरच्या नावाचं हिमनदी अभ्यास केंद्र आहे, युद्धातल्या सैनिकांची छोटी दफनभूमी आहे, आणि पुढे हिमनदीच्या पाऊलखुणा दाखवणारी एक वाट आहे: अमुक साली बर्फ इथवर होतं, तमुक साली तिथवर. खाली जे पाणी बघितलं ते निघतं कुठून हे तिथे दिसतं म्हणे.

"पुढच्या वेळी ते करू," ती म्हणाली. "पण तेव्हा मात्र पहाटे निघावं लागेल, मावशी. दुपारी वर ढग जमतात."

मी म्हटलं, आधी तुझ्या आईला पर्वती चढवून दाखव, मग बघू. पण रात्री मी काठ्यांच्या किमती बघून ठेवल्या.